इंग्रजीची पदवी हाती. पण वाट दाखविणार कोण?

जून-जुलै उजाडला की दरवर्षी न्यायालयाच्या आवारात नोटरीच्या टेबलासमोर मुलामुलींची रांग लागते. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची झेरॉक्स. त्यांना हवे असते गॅपचे प्रतिज्ञापत्र. अमुक साली बी.ए. झालो, त्यानंतर कोठेही प्रवेश घेतला नाही, कारण... आणि या 'कारण' शब्दापाशी मुलगा अडतो. मग टायपिस्टच विचारतो, "घरगुती अडचण लिहू का?" मुलगा मान हलवतो. कागद तयार होतो, शिक्का पडतो.

वर्षानुवर्षे अशी प्रतिज्ञापत्रे आमच्या हाताखालून गेली आहेत. अडचणी आमच्या समाजाच्या कोणत्या घरात नाहीत? परंतु त्या मुलांशी दोन मिनिटे बोलले की ध्यानात येते, वर्ष वाया जाण्याचे खरे कारण अनेकदा वेगळेच असते. अर्जाची तारीख कळली नाही. कोणता दाखला लागतो ते कळले नाही. या पदवीनंतर काय करता येते, हेच कोणी सांगितले नाही. हे कारण प्रतिज्ञापत्रात कधीच येत नाही. म्हणून ते आज आम्ही येथे मांडत आहोत.

या रांगेत इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेली आमची मुले-मुली पुष्कळ असतात आणि त्यात नवल नाही. क्रांतिज्योती सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. इंग्रजी म्हणजे गावकुसाबाहेरून थेट जगाच्या वेशीत जाण्याचा मार्ग, अशी आमच्या आई-बापांची श्रद्धा आहे आणि ती खोटी नाही. परंतु 'इंग्रजी घेतली की नोकरी लागते' हा मात्र भ्रम आहे. पदवी म्हणजे दार. ते कोणत्या रस्त्यावर उघडते हे आधी ठाऊक असावे लागते.

एक मुलगी आमच्याकडे आली होती. आई धुणीभांडी करते, घराण्यातील पहिली पदवीधर. एम.ए. इंग्रजी झाली, गुण 50 टक्क्यांना थोडे कमी. नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या वर्गाला 55 आणि अनुसूचित जातींना 50 टक्के गुण लागतात. राज्याच्या सेट परीक्षेलाही हीच अट. पहिल्या सत्रात ती दिवसा दुकानात काम करी आणि रात्री अभ्यास करी. शेवटच्या सत्रात गुण वाढवू, असे तिने ठरविले होते. पहिल्या सत्राचे गुणही अंतिम सरासरीत धरले जातात, हे तिला निकालाच्या दिवशी समजले. गुणसुधार परीक्षेची मुदतही उलटून गेली होती. "साहेब, कोर्टात काही होईल का?" असे तिने विचारले. काय सांगणार? कायद्यात त्यावर उपाय नव्हता. उपाय होता तो दोन वर्षांपूर्वी, वर्गातील कोण्या प्राध्यापकाच्या एका वाक्यात. ते वाक्य कोणी उच्चारले नाही.

प्रस्थापितांच्या घरात हे वाक्य कोणाला मुद्दाम उच्चारावे लागत नाही. काका प्राध्यापक, मावशी बँकेत, शेजारी मंत्रालयात. जेवणाच्या ताटावर बसल्या-बसल्या मुलाला नेट कळते, शिष्यवृत्ती कळते, परदेशी विद्यापीठाचा अर्ज कळतो. माहिती हीसुद्धा वडिलोपार्जित मालमत्ता आहे. तिची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, पण ती पिढ्यान् पिढ्या एकाच घरात फिरते. आरक्षणाने आमच्या मुलाला महाविद्यालयाच्या आत आणले. आत गेल्यावर कोणीकडे वळायचे हे सांगणारा मात्र कोणी दिला नाही. मग हीच व्यवस्था वर तोंड करून म्हणते, सवलती देऊनही ही मुले मागेच राहतात! आमचा सवाल आहे, वाटेवरचे फलक कोणी काढून ठेवले?

बाबासाहेबांच्या आयुष्यातही वाट दाखविणारा माणूस होता. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा शाळकरी भीमराव कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली कोलंबिया विद्यापीठाचा रस्ता खुला झाला, तोही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. प्रज्ञा भीमरावांची होती, कष्ट त्यांचे होते. परंतु योग्य वेळी योग्य दार दाखविणारा हात केळुसकरांचा होता. असा हात आज आमच्या किती मुलांच्या खांद्यावर आहे?

इंग्रजीच्या शिक्षणाचे समाजासाठी काय करता येते, याचा दाखलाही आमच्याच चळवळीत आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाशी निगडित असलेले प्रा. म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे प्राध्यापक. ते अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट करून आले आणि येताना तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख नागसेनवनात घेऊन आले. दलित साहित्याला त्यातून नवे बळ मिळाले. परक्या भाषेतील पुस्तके वाचून त्यांनी आपल्या माणसांची लेखणी धारदार केली.

आता तर मार्गदर्शनाची गरज शतपटीने वाढली आहे. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले. मुख्य विषय कोणता, दुय्यम कोणता, क्रेडिट किती, तीन वर्षांची पदवी की चार वर्षांची ऑनर्स, हे सारे विद्यार्थ्याने निवडायचे आहे. निवडीचे स्वातंत्र्य माहिती असणाऱ्याला वरदान आणि माहिती नसणाऱ्याला सापळा ठरते. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. आम्हाला यात धोका दिसतो. पूर्वी मुलगा शिक्षण सोडी तेव्हा ती गळती म्हणून मोजली जाई. आता तिच्यावर प्रमाणपत्राचा शिक्का बसेल आणि मोजणारेही मोकळे होतील.

म्हणून इंग्रजी घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगणे भाग आहे.

दुय्यम विषय डोळे झाकून घेऊ नका. केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी-इंग्रजी अनुवादकांची पदे कर्मचारी निवड आयोगामार्फत भरली जातात. त्यासाठी इंग्रजीची एम.ए. पदवी चालते, परंतु बी.ए.ला हिंदी विषय किंवा माध्यम म्हणून असावे लागते. शिवाय अनुवादाची पदविका, प्रमाणपत्र किंवा अनुभव लागतो. पहिल्या वर्षी हिंदी सोडणारा पाच वर्षांनंतरची एक नोकरी तेथेच सोडून देतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

प्राध्यापकी हेच एकमेव ध्येय धरू नका. तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षे घालविणारे नेट-सेटधारक, पीएच.डी.धारक आपल्या अवतीभवती आहेत. ज्यांना त्याच वाटेने जायचे आहे त्यांनी पहिल्या सत्रापासून गुण सांभाळावेत. नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजार रुपये मिळतात आणि अनुसूचित जातींना वयात पाच वर्षांची सूट आहे. एवढ्या रकमेत घर चालवून संशोधन होते.

शिक्षक व्हायचे असेल तर हेही जाणून घ्या, की बी.एड. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्रता ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला आहे. कोणत्या वर्गाला शिकवायचे ते ठरवून मगच प्रवेश घ्या.

कायद्याकडे वळा. संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. अत्याचाराच्या खटल्यात आमचा माणूस खालच्या कोर्टात मराठीत रडतो आणि वरच्या कोर्टात त्याच्या रडण्याचे इंग्रजी भाषांतर वाचले जाते. ते भाषांतर कोण करतो, बाजू कोण मांडतो, यावर न्याय अवलंबून असतो. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी कोणतीही पदवी चालते. अनुसूचित जातींना 40 टक्क्यांची अट आहे आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. ज्याला मुद्देसूद लिहिता येते त्याला तेथे संधी आहे.

आणि अनुवाद! दया पवारांचे 'बलुतं' 1978 चे; त्याचा इंग्रजी अनुवाद यायला 2015 उजाडले. बेबीताई कांबळे, उर्मिला पवार यांची आत्मकथने इतरांनी जिव्हाळ्याने इंग्रजीत नेली, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण अजून कितीतरी आत्मकथने, शाहिरी, गावोगावच्या लढ्यांचे कागद मराठीतच पडून आहेत. ते जगापुढे नेण्याचे काम आमच्या इंग्रजीच्या पदवीधरांनी करावयाचे नाही तर कोणी?

परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. मात्र 2022 मध्ये केंद्राने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. आमच्या मुलांनी परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करू नये, याचसाठी हा खटाटोप नव्हे काय? अर्ज करणाऱ्याने हा नियम आधी वाचावा आणि चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठवावा.

मार्गदर्शन ही कोणाची मेहेरबानी नाही. नॅकच्या मूल्यमापनासाठी महाविद्यालये मेंटॉर नेमल्याच्या याद्या करतात, स्पर्धा परीक्षा केंद्राचा फलक लावतात. अनुदानित महाविद्यालयाला 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा: मेंटॉर कोण, बैठका किती झाल्या, किती विद्यार्थ्यांना काय सांगितले? दहा रुपयांच्या अर्जाने बरेच फलक हलतील.

परंतु सारा भार सरकारवर टाकून चालणार नाही. आमच्यातले जे प्राध्यापक, वकील, अधिकारी झाले, त्यांनी वसाहत सोडली आणि शहाणपणही सोबत नेले. त्यांना आमचे आवाहन आहे: महिन्यातून एक रविवार आपल्या विहाराला द्या. वंदनेनंतर तासभर सतरंजीवर बसा. प्रत्येक विहारात एक वही ठेवा; तीत वस्तीतील प्रत्येक पदवीच्या विद्यार्थ्याचे नाव, विषय, गुण, जात पडताळणी झाली की नाही, पुढची तारीख कोणती, हे लिहा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग अर्जांच्या फीसाठी बाजूला काढा. एका केळुसकरांनी एका भीमरावाला दार दाखविले आणि कोट्यवधींचा इतिहास बदलला. बाबासाहेबांच्या पुण्याईवर शिकलेल्या हजारोंना एकेका मुलाचा हात धरता येऊ नये?

पुढच्या जूनमध्येही आमच्या टेबलासमोर रांग लागेलच. कोणाची आई आजारी असेल, कोणाचा बाप कामावरून पडला असेल. त्यांची कारणे आम्ही लिहून देऊ. परंतु 'कोणी सांगितले नाही' या कारणासाठी एकही मूल त्या रांगेत उभे राहू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

जय भीम!