तक्रारीचा पत्ता

व्हिडिओ गेम, समाजमाध्यमे आणि इंटरनेटची सेवा या तिन्ही गोष्टी एकाच फोनमधून घरात शिरतात, म्हणून त्यांच्याविषयीची मतेही बहुधा एकाच दमात मांडली जातात. मुलगा हाक मारूनही जेवायला उठत नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडण पेटते, ऐन परीक्षेचा अर्ज भरताना नेट जाते. या तिन्हींचे खापर ‘मोबाइल’वर फुटते आणि तो ज्याच्या हातात असतो तो घरातला तरुण आपोआप आरोपी ठरतो. हुबळी-धारवाडमध्ये हे मत जितके मराठी घरांत ऐकू येते तितकेच कन्नड घरांतही, कारण त्यामागची काळजी दोन्हीकडे सारखीच आहे. त्या काळजीत खोटे काहीच नाही. तिचा पत्ता मात्र चुकतो. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांच्या निर्णयांतून घडतात आणि तक्रार त्या ठिकाणापर्यंत पोहोचत नाही तोवर ती घरातल्या घरातच फिरत राहते.

इंटरनेटच्या सेवेपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तिथे दोष शोधणे सर्वांत सोपे आहे आणि तरीही तो क्वचितच शोधला जातो. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुली केली, तीही मोठ्या महानगरांपुरती आणि टेलिफोनच्या तारेवरून. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला पुरेसा मानला गेला होता. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि वेग हीच लोकांच्या लेखी सेवेची एकमेव कसोटी ठरली. जाहिरातीतला वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, एवढा साधा हिशेबही ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही.

गेम खेळणाऱ्या मुलांना मात्र वेगाहून वेगळी अशी एक कसोटी ठाऊक असते, तिला ती ‘पिंग’ म्हणतात. फोनवरून निघालेला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे तो खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायला किती वेळ लागतो याचे ते माप असून ते मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर बेंगळुरूत आहे असे मानले आणि हुबळीहून बेंगळुरू साधारण चारशे किलोमीटर धरले तर जाऊन येण्यास चार मिलिसेकंद पुरावेत आणि तारेची वळणे, मधली यंत्रे यांची भर घातली तरी हा आकडा फारसा वाढू नये. पिंग दीडशे-दोनशेवर गेला असेल तर त्याचे कारण हुबळी बेंगळुरूपासून दूर आहे हे नव्हे. सर्व्हर परदेशात असतो, पुरवठादाराने आपल्या क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक घेतलेले असतात, किंवा घरातल्या एकाच वाय-फायवर चार फोन आणि एक टीव्ही एकाच वेळी चालू असतात. ‘आपले गाव लहान, इथे असेच चालायचे’ हे मत म्हणूनच पदार्थविज्ञानाला धरून नाही आणि पुरवठादाराला ते फार सोयीचे आहे.

ही सेवा खरी अडते ती शेवटच्या काही मीटरांत. फायबर घरात आणणाऱ्या पांढऱ्या डबीवर ‘लॉस’ लिहिलेला एक बारीक दिवा असतो. तो एरवी विझलेला असतो आणि तारेतून येणारा प्रकाश थांबला की तांबडा होऊन लुकलुकू लागतो. तो लुकलुकत असेल तर रिचार्ज, फोन, राउटर यांपैकी कशाचाही दोष नसून तार कुठेतरी तुटली आहे किंवा मुडपली आहे, असे बहुधा समजावे. गेल्या दशकभरात या जोडशहरातले रस्ते जलद बससेवेच्या मार्गिकेसाठी, स्मार्ट सिटीच्या कामांसाठी आणि जलवाहिन्यांसाठी पुन्हा पुन्हा उकरले गेले. खोदणाऱ्याने जमिनीखालच्या तारांच्या मालकांना आधी कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अॅप काढले, पण गल्लीत फावडे मारणाऱ्या कंत्राटदाराने त्यावर नोंद केली आहे का, असे रहिवाशांनी विचारल्याचे सहसा ऐकू येत नाही. तार तुटल्याची झळ सर्वांत जास्त बसते ती धारवाडच्या सप्तापूर भागात खोल्या घेऊन राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना. हावेरी, गदग, बागलकोट, विजयपूर, बेळगाव या जिल्ह्यांतून आलेल्या या तरुणांचा अभ्यास, सराव-परीक्षा आणि अर्ज हे सारे त्याच फोनवर असते. गावाकडे त्यांच्याविषयी ‘सारखा मोबाइलमध्ये डोके घालून बसतो’ असे बोलले जाते तेव्हा तो मुलगा बहुतेक वेळा टेलिग्रामवर आलेल्या नोट्स वाचत असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सेवेची तक्रार कुठे करावी याची रीत २०१२ च्या नियमांनी घालून दिली आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा क्रमांक घ्यायचा आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीतल्या अपील प्राधिकरणाकडे, म्हणजे वरच्या पायरीवर, दाद मागायची. दूरसंचार नियामक प्राधिकरण एकेकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे स्वतः सोडवत नाही. या दुसऱ्या पायरीसाठी ग्राहकाला काही खर्च पडत नाही, तरी बहुतेक जण पहिल्या पायरीवरच कंटाळून वायरमनला फोन लावतात आणि तो ‘उद्या येतो’ म्हणाला की समाधान मानतात. त्या ‘उद्या’ची कुठेही नोंद राहत नाही.

समाजमाध्यमांच्या बाबतीत नुकसान अधिक मोठे आहे आणि ते या भागातल्या मराठी माणसाला विशेष जवळून सोसावे लागले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पुन्हा तापला, ६ डिसेंबरला बेळगाव जिल्ह्यातल्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्रातून आलेल्या मालमोटारींवर दगडफेक झाली, पाठोपाठ दोन्ही राज्यांच्या एसटी बसगाड्यांची ये-जा विस्कळीत झाली. हा टोलनाका ज्या राष्ट्रीय महामार्गावर आहे तोच धारवाड आणि हुबळीला कोल्हापूर-पुण्याशी जोडतो. तो अडला की इथल्या मराठी घरांचे माहेर, सासर, दवाखाना, लग्नकार्य सारेच अडते. १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली आणि बैठकीनंतर त्यांनी सांगितले की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद भडकवण्यात भर घातली. नेत्यांच्या खऱ्या विधानांनी वाद किती वाढला आणि खोट्या खात्यांनी किती, यावर तेव्हा राजकीय मतभेद झाले आणि ते रास्तही होते. तथापि एवढे स्पष्ट झाले की दोन राज्यांमधला रस्ता बंद पाडण्यात कुणीतरी कुठेतरी बसून उघडलेल्या खात्याचाही वाटा असू शकतो आणि ते खाते खरे की खोटे हे तपासण्याचे साधन सामान्य वाचकापाशी नव्हते.

त्याच वर्षी १६ एप्रिलच्या रात्री जुन्या हुबळीत एका व्हॉट्सअॅप स्टेटसवरून जमाव पोलीस ठाण्यावर गेला, दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले आणि शहरात जमावबंदी लागू करावी लागली. इथे ‘स्टेटस’ म्हणजे काय हे नीट पाहणे आवश्यक आहे. ते चित्र किंवा मजकूर चोवीस तासांनी आपोआप नाहीसा होतो आणि तोवरही लावणाऱ्याशी ज्यांची ओळख नोंदलेली आहे अशांनाच दिसतो. असे मर्यादित चित्र शहरभर पोहोचते ते कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे धाडला, दुसऱ्याने तो तिसऱ्याला पाठवला, म्हणून. लावणाऱ्याचा अपराध कायद्याने ठरवता येतो, परंतु धाडणाऱ्या शेकडो हातांचा हिशेब कुणी मागत नाही, आणि त्या हातांपैकी बहुतेक हात पोक्त, घरंदाज, ‘मुलांना मोबाइल देऊ नये’ असे सांगणाऱ्यांचेच असतात.

धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहारापासून दूर राहिले आणि त्यांची अनेक माणसांशी असलेली जवळीक पत्रांतून टिकली. पुढे त्यांच्या पत्रांचे खंड प्रकाशित झाले. त्या पत्रांचा उल्लेख इथे जुन्या काळाच्या आठवणीपोटी केलेला नाही. पत्राखाली लिहिणाऱ्याची सही असते आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. पुढे धाडलेल्या संदेशावर केवळ ‘फॉरवर्डेड’ एवढीच खूण उमटते, मूळ लेखकाचे नाव गळून पडते. हे नाव गळणे हा लोकांचा स्वभावदोष नसून यंत्रणेची रचना आहे, आणि रचना बदलता येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. देशात अशा घटनांची रांग लागल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. या दुसऱ्या बदलानंतर असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच जाहीर केले. माणसे तीच होती, त्यांचे राग-लोभही तेच होते, बटण बदलले. बटण बदलता येत होते तर पाच माणसांचे बळी जाण्याआधी ते का बदलले नाही, हा प्रश्न कंपनीला विचारायला हवा होता, आणि तो आजही शिळा झालेला नाही.

आता गेम. या विषयावरचे मत या भागात सर्वांत कठोर झाले ते सप्टेंबर २०१९ मध्ये, बेळगावजवळच्या काकती गावात पबजीच्या नादावरून झालेल्या वादातून एका तरुणाने वडिलांचा खून केल्याची बातमी आली तेव्हा. त्या घटनेची भीती पालकांच्या मनात घर करून बसली, ते स्वाभाविकच होते. परंतु एका भीषण घटनेवरून लाखो मुलांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’, म्हणजे खेळाचा व्यसनसदृश विकार, रोगांच्या यादीत घेतला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातली लक्षणे मुद्दाम कडक ठेवली आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे, ही तिन्ही सामान्यतः वर्षभर आढळली पाहिजेत. अशी शंका असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा ‘शट’ नावाचा खास विभाग आहे, आणि धारवाडमध्येच मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे डिमहान्स, आहे. फोन हिसकावून तो जमिनीवर आपटणे हा उपचार नव्हे.

जेवायला न उठणाऱ्या मुलाचे कोडे तर आणखी साधे आहे. पबजीसारख्या खेळात शंभर खेळाडू एकाच वेळी उतरतात, चौघांचा एक गट असतो, डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि तो मध्येच थांबवण्याची सोय नसते. एक जण उठला की त्याचे तीन साथीदार उघडे पडतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला ऐन षटकात घरी बोलावले तर तो जसा घुटमळेल, तसाच हा मुलगा घुटमळतो. ‘फोन ठेव’ असे म्हणण्याऐवजी ‘हा डाव संपला की ये, दुसरा लावू नकोस’ असे सांगितल्यास निम्मी भांडणे टळतील.

खरी चिंता आहे ती पैशाची. हे खेळ फुकट मिळतात आणि पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग, हंगामी पास अशा वस्तू विकून कमाई करतात. त्यातच पेटी उघडल्यावर आत काय निघेल ते दैवावर सोडणारी ‘लूट बॉक्स’ नावाची विक्रीही येते, जी सोडतीच्या तिकिटाची सख्खी बहीण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या भारतीय नावाने परत आला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपये अशी मर्यादा ठेवली गेली. दिवसाला सात हजार! हुबळीतल्या कित्येक घरांचे महिन्याचे भाडे याहून कमी आहे. मुलांच्या रक्षणासाठी म्हणून असा आकडा ठरतो तेव्हा तो ठरवताना कुणाचे हित पाहिले गेले हे उघड आहे, आणि पालकांचा राग मुलाऐवजी या आकड्यावर निघाला असता तर अधिक उपयोगी पडला असता.

पैसे लावून खेळण्याचे प्रकरण याहून पुढचे. कर्नाटकने ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावलेल्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; काही कंपन्यांनी फोनचे ठिकाण पाहून या राज्यातल्या ग्राहकांना दार बंद केले, म्हणजे धारवाडात जे अडत होते ते कोल्हापुरात चालत होते. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतली मुख्य कलमे रद्द केली, कारण कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ यांत तिने फरक केला नव्हता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेच्या स्वरूपातले खेळ, आणि करमणुकीचे खेळ यांना मोकळीक दिली आणि पैसे लावण्याचे खेळ मात्र, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, पूर्ण बंद केले. त्याविरुद्धच्या याचिका, कर्नाटक उच्च न्यायालयातली धरून, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे घेतल्या. या कायद्यातली एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही: असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे, त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे, पैशांची देवघेव करून देणाऱ्या संस्थेलाही सोडलेले नाही, मात्र खेळून पैसे घालवून बसलेल्या माणसासाठी त्यात शिक्षेचे कलमच नाही, कारण त्याला पीडित मानले आहे.