दुखणे किती, ते विचारा

बैल पाय टेकेनासा झाला की शेतकरी तिथेच औत सोडतो आणि खूर उचलून पाहतो. मुके जनावर रवंथ करीत नाही, कान पाडून उभे आहे, एवढ्यावरून त्याचे दुखणे आपण ओळखतो. मग घरातल्या माणसाच्या दुखण्याकडेच आपला कानाडोळा का व्हावा?

तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना परमप्रसाद देण्यास आम्ही जात असू. रात्र रात्र ते कण्हत. पण डॉक्टरांनी विचारले की "बरं आहे" म्हणत. आम्हीही त्यांना, "आपला क्रूस प्रभूला अर्पण करा," एवढेच सांगत आलो. पुढे एका परिचारिकेने विचारले, "बाबा, मुळीच दुखत नाही म्हणजे शून्य, आणि याहून जास्त दुखूच शकत नाही म्हणजे दहा. तुमचं किती?" ते म्हणाले, "नऊ." आमची मान खाली गेली. हा प्रश्न आम्हालाही विचारता आला असता.

दुखणे मोजण्याची ही सोपी रीत आहे. लहान मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, कूस बदलताना अंग आखडणे हे पाहावे. कुठे दुखते, केव्हापासून, ठणकते की जळजळते, झोप लागते का, हे डॉक्टरांना सांगावे. औषधानंतर आकडा पुन्हा विचारावा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्या सांगितल्या. थोड्या दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, मध्यम दुखण्याला कोडीनसारखे औषध, तीव्र दुखण्याला मॉर्फिन. दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यायचे, हे त्यातले मर्म.

मॉर्फिन अफूपासून होते, म्हणून लोक बिचकतात. माळव्यात नीमच-मंदसौरकडे आपल्यासारखेच शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. तरी १९८५ च्या कायद्यातील जाचक अटींमुळे हे औषध आपल्याच आजाऱ्यांना दुर्मिळ झाले. २०१४ साली कायदा सुधारला, पण भीती उरलीच. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात वेदनेसाठी घेतल्यास व्यसन क्वचितच लागते. माप मात्र आपल्या मनाने वाढवू नये. पोट साफ होत नाही, म्हणून त्याचेही औषध सोबतच मागून घ्यावे.

वेदना शमवणे म्हणजे क्रूस टाकून देणे, असे काहींना वाटते. आमचे मत तसे नाही. असह्य वेदनेवर अशी औषधे देण्यास ख्रिस्ती नीती आड येत नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उपदेश केला नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या.

मॉर्फिन सुरू झाल्यावर आजोबांचा आकडा तीनवर आला. अखेरच्या दिवसांत ते शांत झोपत, नातवंडांशी बोलत, प्रार्थनाही स्वतःच म्हणत.

म्हणून बंधुभगिनींनो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा आधी आकडा विचारा, मग प्रार्थना करा. आकडा मोठा असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. आम्हीही आता तसेच करतो.