वेल्सच्या प्रशिक्षकाचा ताळेबंद

वेल्सच्या राष्ट्रीय रग्बी संघाने मार्च २०१८ ते मार्च २०१९ या काळात लागोपाठ १४ सामने जिंकले. त्या देशाच्या रग्बीच्या इतिहासातील विजयांची ती सर्वांत लांब मालिका होती. त्याच संघाने ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात लागोपाठ १४ सामने गमावले. दोन्ही वेळी प्रशिक्षक एकच होते, न्यूझीलंडचे वॉरन गॅटलँड. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, हंगाम अर्ध्यावर असतानाच, त्यांनी पद सोडले. एकाच गृहस्थांची ही दोन प्रगतिपुस्तके शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचे मूल्यमापन करण्याच्या रूढ पद्धतीविषयीच शंका उत्पन्न होते. २०१९ साली थोर ठरलेला प्रशिक्षक सहा वर्षांत नालायक झाला असे मानावयाचे, की दोन्ही वेळी जे मोजले गेले त्यात प्रशिक्षकाखेरीज पुष्कळ काही मिसळलेले होते असे म्हणावयाचे? हा प्रश्न वेल्सपुरता नाही. परंतु वेल्सच्या उदाहरणात तो जितका स्वच्छ दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

वेल्स हा अवघ्या ३१ लाख वस्तीचा देश. तेथे रग्बी हा लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. २००७ च्या विश्वचषकात फिजीने वेल्सचा ३८-३४ असा पराभव केला, संघ प्राथमिक फेरीतच बाद झाला आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या प्रशिक्षकांना निरोप देण्यात आला. त्यानंतर गॅटलँड आले. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पहिल्याच सामन्यात वेल्सने इंग्लंडला ट्विकनहॅम येथे २६-१९ असे हरविले. त्या मैदानावरील वेल्सचा तो वीस वर्षांतील पहिला विजय होता. त्या वर्षी सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतील पाचही सामने वेल्सने जिंकले. २०१२ आणि २०१९ मध्ये हाच पराक्रम पुन्हा घडला. २०११ आणि २०१९ या दोन विश्वचषकांत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक क्रमवारीत काही काळ पहिल्या स्थानी जाऊन बसला. डिसेंबर २०२२ मध्ये गॅटलँड यांना पुन्हा पाचारण करण्यात आले, तेव्हा त्यामागे हा सारा इतिहास होता. या दुसऱ्या कारकीर्दीत त्यांच्या वाट्याला २६ कसोटी सामने आले. त्यांपैकी ६ जिंकले, २० हरले.

आकड्यांचा कौल

आकडे खोटे बोलत नाहीत असे म्हणतात. परंतु ते विचारल्याखेरीज बोलत नाहीत, हेही तितकेच खरे. रग्बीचा राष्ट्रीय संघ वर्षाला साधारणतः दहा-बारा कसोटी सामने खेळतो. इतक्या थोड्या सामन्यांवरून काढलेल्या सरासरीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. २०११ च्या उपांत्य सामन्यात वेल्सचा कर्णधार पूर्वार्धातच मैदानाबाहेर काढला गेला आणि फ्रान्सकडून संघ ८-९ असा एका गुणाने हरला. तो एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर प्रशिक्षकाची बुद्धी तसूभरही वाढली नसती. कीर्ती मात्र दुप्पट झाली असती.

शिवाय यशाच्या वर्षांतही हिशेबाची दुसरी बाजू होतीच. गॅटलँड यांच्या वेल्सला न्यूझीलंडवर एकदाही विजय मिळविता आला नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर लागोपाठ १३ पराभव पदरी पडले; ती मालिका २०१८ च्या नोव्हेंबरात ९-६ अशा विजयाने संपली. २०१२-१३ मध्ये संघ सलग आठ सामने हरला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने इंग्लंडला ३०-३ असे नमवून सहा राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेच्या वेळी गॅटलँड ब्रिटिश लायन्स संघाच्या जबाबदारीमुळे दूर होते आणि सूत्रे त्यांचे सहायक रॉब हौली यांच्याकडे होती. बसलेली घडी प्रमुखाच्या गैरहजेरीतही काम देते, आणि घडी विस्कटली की प्रमुखाची हजेरीही पुरी पडत नाही, असा याचा अर्थ होतो.

भांडवल आणि उत्पन्न

अर्थशास्त्रात संचय आणि प्रवाह यांत भेद करतात. शेतकऱ्याच्या यंदाच्या पिकावरून त्याच्या जमिनीचा कस ठरविता येत नाही. कस उतरत असतानाही एखादे वर्ष भरघोस येऊ शकते. सामन्यांचे निकाल हे पीक आहे. खेळाडूंची पिढी, त्यांना घडविणारे संघ आणि पैशाची व्यवस्था ही जमीन आहे. २००८ मध्ये ट्विकनहॅमवर उतरलेल्या पंधरा खेळाडूंपैकी १३ जण ऑस्प्रेज या एकाच प्रादेशिक संघाचे होते. वर्षभर एकत्र खेळणारी, एकमेकांच्या सवयी ओळखणारी तयार फळी गॅटलँड यांना आयती मिळाली. तिच्यावर शॉन एडवर्ड्स यांच्यासारख्या बचाव-प्रशिक्षकाने अकरा वर्षे काम केले. २०११ मध्ये २२ वर्षांचा सॅम वॉरबर्टन कर्णधार झाला आणि १९ वर्षांचा जॉर्ज नॉर्थ विश्वचषक खेळला, तेव्हा त्यांच्या आजूबाजूला मुरलेले खेळाडू उभे होते. हे भांडवल वापरण्याचे कौशल्य गॅटलँड यांचे होते, यात शंका नाही. ते भांडवल निर्माण करणारे हात मात्र दुसऱ्यांचे होते.

पुढे या भांडवलाची झीज होत गेली आणि ती भरून काढण्याची तरतूद कोणी केली नाही. मधल्या काळात प्रशिक्षक असलेल्या वेन पिव्हॅक यांनी २०२१ मध्ये सहा राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. त्या संघाचे कर्णधार अॅलन विन जोन्स ३५ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी हा संघ स्वगृही इटलीकडून एका गुणाने आणि जॉर्जियाकडूनही एका गुणाने हरला. घसरण गॅटलँड परतण्यापूर्वीच सुरू झाली होती. २०२३ च्या फेब्रुवारीत करारांच्या अनिश्चिततेमुळे खेळाडूंनी संपाची भाषा केली. त्या वर्षी जोन्स व टिप्युरिक विश्वचषकापूर्वीच निवृत्त झाले, तर बिगर व हाफपेनी यांनी त्यानंतर राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. २०२४ च्या जानेवारीत लुई रीस-झॅमिट हा तरुण खेळाडू अमेरिकन फुटबॉलकडे वळला. त्या हंगामाचे कर्णधारपद २१ वर्षांच्या डॅव्हिड जेंकिन्सकडे आले. या वेळी मुरलेल्यांच्या सावलीत तरुण उभे नव्हते. तरुणांनाच तरुणांचा आधार होता.

यामागे पैशाचा प्रश्न आहे. २००३ साली जुन्या क्लबांच्या जागी पाच व्यावसायिक प्रादेशिक संघ उभारण्यात आले. वर्षभरात त्यांतला एक बंद पडला आणि चार उरले. या चारांपैकी कोणालाही २०१७ नंतर २०२५ पर्यंत आपल्या लीगचे विजेतेपद मिळालेले नव्हते. वेल्सबाहेर खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघाचे दार उघडायचे तर आधी ६० कसोट्या खेळलेल्या असाव्यात, असा नियम होता. खेळाडूंच्या दबावामुळे तो २५ वर आणावा लागला. २०२५ च्या एप्रिलमध्ये कार्डिफचा संघ आर्थिक डबघाईला येऊन राष्ट्रीय संघटनेला ताब्यात घ्यावा लागला आणि ऑक्टोबरात चाराचे तीन संघ करण्याचा निर्णय जाहीर झाला. या साऱ्याचे खापर प्रशिक्षकाच्या माथी फोडणे म्हणजे बंद पडत चाललेल्या गिरणीच्या तोट्याबद्दल एकट्या पाळीप्रमुखाला जाब विचारण्यासारखे आहे.

तथापि प्रशिक्षकाला सर्वस्वी मोकळे सोडणेही न्यायाचे होणार नाही. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी दीर्घ शिबिर मिळाले, तेव्हा याच संघाने ऑस्ट्रेलियाचा ४०-६ असा धुव्वा उडविला आणि आपला गट जिंकला. म्हणजे एखादी मोहीम आखून जिंकण्याची गॅटलँड यांची हातोटी शाबूत होती. परंतु त्यानंतरचे काम निराळे होते; नवी पिढी घडविण्याचे ते काम होते आणि त्यात त्यांना यश आले नाही. मार्च २०२४ मध्ये इटलीकडून कार्डिफमध्ये २१-२४ असा पराभव झाल्यावर त्यांनी राजीनामा देऊ केला. संघटनेने तो घेतला नाही. डिसेंबरात कामगिरीची समीक्षा होऊन त्यांना कायम ठेवण्यात आले. पुढे दोनच सामने झाले, फ्रान्सकडून ०-४३ आणि इटलीकडून १५-२२ असा पराभव झाला आणि कारकीर्द संपली. डिसेंबरात जी माहिती हाती होती, तिच्यात या दोन पराभवांनी मौलिक अशी कोणती भर घातली? धीर धरावयाचा तर तो कशासाठी आणि कोठवर, हे आधी ठरलेले नसले की धीराला धरसोडीचे रूप येते.

मुदतीचा प्रश्न

प्रशिक्षक बदलला की सुधारणा होते, असा सार्वत्रिक समज आहे. वेल्सच्या हंगामी प्रशिक्षकांच्या हाताखाली संघाने पहिल्याच सामन्यात आयर्लंडविरुद्ध काही काळ आघाडी घेतली आणि मग १८-२७ अशी हार पत्करली. सर्वांना हायसे वाटले. तीनच आठवड्यांनी इंग्लंडने कार्डिफमध्ये त्याच संघाचा ६८-१४ असा फडशा पाडला. पराभवांची मालिका १८ वर जाऊन जुलै २०२५ मध्ये जपानविरुद्ध थांबली. अन्य देशांचा अनुभवही एकमार्गी नाही. इंग्लंडने एडी जोन्स यांना डिसेंबर २०२२ मध्ये दूर केले, तेव्हा ८१ सामन्यांपैकी ५९ विजय त्यांच्या नावावर होते. त्यांच्या वारसाने पुढच्या वर्षी विश्वचषकात तिसरे स्थान मिळविले. त्याच जोन्स यांना ऑस्ट्रेलियाने २०२३ च्या जानेवारीत घाईने नेमले. तेथे नऊ कसोट्यांत दोन विजय मिळाले आणि ऑस्ट्रेलिया प्रथमच विश्वचषकाच्या प्राथमिक फेरीत बाद झाला. बदल हे औषध आहे खरे, पण रोग कोणता याची चौकशी आधी व्हावयास हवी.

यावर व्यवहारी माणसाचा एक आक्षेप येईल. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांच्या उत्पन्नावरच वेल्समधील साऱ्या रग्बीचा संसार चालतो. संघ हरत राहिला तर प्रेक्षक पाठ फिरवतील, तिजोरी आटेल. मग दीर्घकालीन धोरणाच्या गप्पा कोणी माराव्यात? आक्षेप वजनदार आहे. परंतु याच विचाराने वेल्सला आजच्या अवस्थेस आणले, हे विसरता येत नाही. राष्ट्रीय संघ जिंकत होता त्या अकरा वर्षांत त्याच्या झगमगाटाखाली प्रादेशिक संघांची दुरवस्था झाकली गेली. यशाच्या काळात झीजनिधी बाजूला न काढणारा कारखाना मंदीत यंत्रे बदलू शकत नाही.

मग मूल्यमापन कशाने करावे? विजयांची टक्केवारी टाकून द्यावी असे नाही; तिच्या जोडीला आणखी तीन मोजमापे असावीत. प्रतिस्पर्ध्याची ताकद लक्षात घेता गुणांचे अंतर वर्षागणिक कमी होते आहे की वाढते आहे, हे पहिले. प्रशिक्षकाने आणलेल्या नव्या खेळाडूंपैकी किती जण दोन वर्षांनंतरही संघात टिकून आहेत, हे दुसरे. आणि पद सोडताना तो आपल्या वारसाच्या हाती कोणत्या वयाचा, किती अनुभवाचा संघ देतो, हे तिसरे. या कसोट्या नेमणुकीच्या वेळीच जाहीर व्हाव्यात आणि समीक्षा दोन विश्वचषकांच्या मध्यावर एकदा व विश्वचषकानंतर एकदा व्हावी. त्याच वेळी संघटनेनेही आपला हिशेब त्याच कागदावर मांडावा. प्रशिक्षकाला काय दिले याची नोंद नसेल, तर त्याने काय केले याचा निवाडा करता येणार नाही.

२०२५ च्या जुलैत स्टीव्ह टँडी यांची नेमणूक झाली. ऑस्प्रेजला २०१२ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून देणारे, पुढे स्कॉटलंडचा बचाव सांभाळणारे ते वेल्सचेच सुपुत्र. त्यांच्या पहिल्या चार सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही जपानवर एका गुणाने. चौथ्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने वेल्सचा ७३-० असा पराभव केला. स्वगृही इतका मोठा पराभव वेल्सने पूर्वी कधी पाहिला नव्हता. परंतु तो सामना आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या काळाबाहेर खेळविला गेला आणि इंग्लंड-फ्रान्समधील क्लबांकडे असलेले वेल्सचे खेळाडू त्यात उतरूच शकले नाहीत. हे ७३ गुण कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, प्रशिक्षकाच्या की सामना ठरविणाऱ्यांच्या? टँडी असोत वा त्यांच्यामागून येणारे कोणी असोत, २०२७ च्या विश्वचषकाकडे आणि त्याच्याही पलीकडे पाहावयाचे असेल, तर वेल्सने या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आधी दिले पाहिजे. ते उत्तर टाळून केलेली प्रत्येक नवी नेमणूक म्हणजे जुन्या कर्जाचे नव्या नावाने केलेले नूतनीकरण ठरेल, आणि त्याचे व्याज मैदानावरची तरुण मुलेच फेडीत राहतील.