श्रवण-वाचातज्ज्ञांचे पहिले वर्ष

न्यायासनावर बसू इच्छिणाऱ्या उमेदवाराने त्यापूर्वी निदान तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला आणि केवळ पदवीच्या बळावर दिवाणी न्यायाधीश होण्याचा मार्ग बंद केला. या निर्णयाच्या इष्टानिष्टतेविषयी विधिज्ञांत मतभेद असतील. पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व वादातीत आहे. पुस्तकातले ज्ञान आणि व्यवहारातला विवेक या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट अंगी बाणण्यास काळ व जाणत्यांचा सहवास ही दोन्ही लागतात. सनदी लेखापालाची उमेदवारी, नव्या वकिलाची ज्येष्ठाच्या कचेरीतील वर्षे, ही याच तत्त्वाची रूपे होत. मात्र बहिऱ्या बालकाचे अवघे भावी बोलणे ज्यांच्या हाती सोपविले जाते, त्या श्रवणतज्ज्ञांस व वाचोपचारतज्ज्ञांस हे तत्त्व आपल्या देशात अद्याप लागू झालेले नाही. ही उणीव लहान नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

या व्यवसायाचे नियमन १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने होते. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, आणि त्यानंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव. नोंदणीवाचून व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही कायद्यात सांगितलेली आहे. नोंदणी टिकविण्यासाठी पुढे वेळोवेळी शिक्षणवर्गही करावे लागतात. म्हणजे दाराशी पहारा आहे आणि आत गेल्यावर पुस्तकांची सोयही आहे. परंतु उंबरठा ओलांडणाऱ्या नवख्याचा हात धरणारे कोणी नाही. काल ज्याच्या प्रत्येक अहवालावर अध्यापकाची सही लागत होती, तो आज स्वतःच्या एकट्या सहीने मूल बहिरे आहे किंवा नाही हे ठरवू शकतो.

शेवटचे वर्ष रुग्णसेवेत गेलेलेच असते, मग आणखी देखरेख कशाला, असा प्रश्न यावर विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. पण शिकाऊपणी केलेले काम आणि जबाबदारीने केलेले काम यांत मूलतः अंतर असते. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. अध्यापन महाविद्यालयातील सरावपाठ कितीही उत्तम वठला, तरी साठ मुलांचा वर्ग वर्षभर एकट्याने सांभाळण्याची ती पूर्वतयारी नव्हे, हे कोणताही शिक्षक सांगेल. सरावपाठात चूक झाली तर निरीक्षकाच्या वहीत शेरा पडतो. वर्गात चूक झाली तर तिचा भार मुले वाहतात. पहिल्या वर्षी मागल्या बाकावर येऊन बसणारा आणि तास संपल्यावर चार शब्द सांगणारा मुख्याध्यापक ज्यांस लाभला, ते शिक्षक भाग्यवान.

येथे चुकीचा भार कोणावर पडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारास आरंभ सहाव्या महिन्यापूर्वी, असा या शास्त्राचा सर्वमान्य दंडक आहे. कारण भाषा ग्रहण करण्याचा मेंदूचा ऋतू एकदा सरला की तो पुन्हा येत नाही. पहिली चाचणी बहुधा कानातील सूक्ष्म प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने होते. आता काही बालकांचा आंतरकर्ण हा प्रतिध्वनी व्यवस्थित देतो, पण त्यापुढील श्रवणमज्जातंतू मात्र आवाज मेंदूपर्यंत नीट पोहोचवीत नाही. यंत्र 'उत्तीर्ण' म्हणते. मूल मात्र ऐकत नाही. जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बालकांत हा धोका विशेष, म्हणून त्यांची 'बेरा' चाचणीही केली पाहिजे. पाठ्यपुस्तकात हे सारे आहेच. पण गर्दीच्या दिवशी, अधीर पालक समोर असता, यंत्राचा कौल बाजूस ठेवून 'थांबा, आणखी तपासू' म्हणण्याचे धैर्य पुस्तकातून येत नाही.

वाचादोषांच्या निदानात आणखी एक अडचण आहे आणि ती खास आपल्या भाषेची आहे. 'ण'च्या ठिकाणी 'न' उच्चारणारे मूल सदोष बोलते काय? पुणेरी कानास तसे वाटेल. परंतु ज्या घरात आजीपासून सारेच 'पानी' म्हणतात, त्या घरातील मुलाची ती बोली आहे, व्याधी नव्हे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली, गोंडी बोलणारी मुले जेव्हा इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या पदवीधरापुढे येतात, तेव्हा बोली आणि दोष यांची गल्लत होण्याचा संभव मोठा असतो. उलट पक्षी, 'आमच्याकडे मुले उशिराच बोलतात' या घरगुती समजुतीला भुलून खरा दोष दृष्टीआड होण्याचाही तितकाच संभव असतो. हा तारतम्यभाव शेकडो मुले ऐकलेल्या कानाकडूनच शिकावा लागतो.

आणि हे केवळ मुलांपुरते नाही. पक्षाघाताच्या रुग्णास पाणी पाजावे की पाजू नये, हेही पुष्कळदा वाचोपचारतज्ज्ञासच ठरवावे लागते. गिळण्याची क्रिया बिघडलेली असता घोट श्वासनलिकेत उतरतो आणि काही वेळा ठसका सुद्धा लागत नाही. पुढे फुप्फुसदाह होऊन रुग्ण दगावू शकतो. अशा खाटेपाशी पदवी घेऊन महिनाही न झालेल्या मुलीस एकटे उभे करणे हा रुग्णावर अन्याय आहे आणि त्या मुलीवरही.

यात बाजाराचीही भर पडते. अनेक नवपदवीधरांची पहिली नोकरी श्रवणयंत्रे विकणाऱ्या केंद्रात असते. तेथे वरिष्ठ असतो, पण तो विक्रीचा हिशेब विचारणारा. कोणत्या रुग्णास यंत्र नको आहे, कोणास स्वस्त यंत्र पुरेल, कोणास आधी कानाच्या डॉक्टरकडे धाडले पाहिजे, हे ठरविताना तरुण तज्ज्ञाची सदसद्विवेकबुद्धी आणि त्याचा पगार यांत झगडा उभा राहतो. अशा वेळी त्याच्या पाठीशी मालकापासून स्वतंत्र असा एक ज्येष्ठ व्यावसायिक हवा.

इतर देशांनी याची व्यवस्था केलेली आहे. अमेरिकेत तेथील व्यावसायिक संघाचे प्रमाणपत्र हवे असल्यास वाचोपचारतज्ज्ञास पदव्युत्तर शिक्षणानंतर निदान ३६ आठवडे व १,२६० तास ज्येष्ठाच्या मार्गदर्शनाखाली काम करावे लागते आणि त्यातील किमान १८ तास मार्गदर्शकाने समोर बसून पाहावे लागतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात नवागतास प्रथम प्रारंभिक नोंदणी देऊन, मार्गदर्शकाच्या नजरेखालील कालावधी पुरा झाल्यावरच पूर्ण नोंदणी देण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये नोंदणी लगेच मिळते, तरी तेथील वाचोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजाने नवपदवीधरांसाठी ठरविलेल्या पात्रता नोकरीच्या आरंभकाळात सिद्ध कराव्या लागतात. तीन देश, तीन तऱ्हा. पण नवख्यास एकटे सोडू नये, हा निष्कर्ष तिन्हींचा एकच.

आपल्याकडे माणसांचीच टंचाई आहे, तेथे हे अडथळे परवडतील काय, असा आक्षेप येईल. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर आणि वाचादोष असलेल्यांची सुमारे वीस लाख भरली. त्या मानाने तज्ज्ञ थोडे, हे खरे. पण मार्गदर्शनाचा काळ हा प्रतीक्षेचा काळ नव्हे. नवा तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून काम करील, पूर्ण वेतन घेईल; फक्त त्याचे काम दुसऱ्या डोळ्यांखालून जाईल. टंचाई आहे म्हणूनच प्रत्येकाचे काम नेमके हवे. चुकलेले निदान दुरुस्त करण्यास दुसरा तज्ज्ञ जवळपास नसतो.

याहून गंभीर आक्षेप शोषणाचा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. उमेदवारीच्या नावाखाली तरुण वकिलांस किती अल्प मोबदल्यावर राबविले जाते, हे शहरातील न्यायालयांच्या आवारात कोणासही विचारावे. म्हणून या योजनेस चार पथ्ये आवश्यक आहेत. मार्गदर्शक हा शक्यतो मालक नसावा. वेतनात कपात नसावी. मार्गदर्शक बदलून मागण्याचा हक्क असावा. आणि या व्यवसायात तरुणींची संख्या मोठी असल्याने, बाळंतपणाने किंवा अर्धवेळ नोकरीने कालावधी लांबला तरी नोंदणीस बाध येऊ नये. ही पथ्ये पाळली नाहीत, तर औषधच व्याधी होऊन बसेल.

राहिला प्रश्न आडगावांचा. नंदुरबारला किंवा गडचिरोलीला मार्गदर्शक कोठून आणावयाचा? येथे तंत्रज्ञान साह्यास येते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि १९८३ पासून वांद्र्यास असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांच्या अनुभवी अध्यापकांस आठवड्यातून एक तास दूरदृश्य भेटीने नव्या तज्ज्ञाची प्रकरणे ऐकता येतील. तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट व्हावी. मार्गदर्शकास किमान पाच वर्षांचा अनुभव आणि या कामाचे रीतसर मानधन असावे; फुकटचे काम हे बहुधा कागदावरच राहते.

हे सारे कायद्याच्या दुरुस्तीने करावे की परिषदेच्या विनियमांनी भागेल, हे विधिज्ञांनी ठरवावे. परंतु महाराष्ट्र शासनास तोवर थांबण्याचे कारण नाही. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथून सुरू झाला. जन्मजात बहिरेपण हा त्यातील एक विषय, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे ही त्याची फलश्रुती. या केंद्रांत व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक श्रवण-वाचातज्ज्ञास एक वर्षासाठी नामनिर्दिष्ट मार्गदर्शक द्यावा, एवढा साधा आदेश आरोग्य खात्यास काढता येईल. त्यास नवी इमारत नको, नवे यंत्र नको.

कर्णरोपणाच्या एकेका शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च करण्याची उदारता सरकारने दाखविली, ती स्तुत्यच होय. पण शस्त्रक्रियेने कान उघडतो, भाषा येत नाही. ती पुढील वर्षानुवर्षांच्या उपचाराने येते, आणि तो उपचार ज्यांनी करावयाचा, त्यांना घडविण्याचा खर्च मात्र आपल्या अंदाजपत्रकात दिसत नाही. आपली दुर्दशा तोंडाने सांगू न शकणारा हा वर्ग मोर्चे काढणार नाही, निवेदने देणार नाही. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणे हे ज्यांस वाचा आहे त्यांचे कर्तव्य ठरते.