टनब्रिजच्या डॉक्टरांचे पत्र आणि आपली रुग्णपत्रिका

अर्भकांमधील एका दुर्मीळ अपस्माराचे पहिले सविस्तर वर्णन मोठ्या रुग्णालयातून आलेले नाही. इंग्लंडमधील टनब्रिज या गावी व्यवसाय करणारे विल्यम जेम्स वेस्ट यांनी ते १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात केले. रुग्ण होता त्यांचाच मुलगा. चार महिन्यांपर्यंत निरोगी असलेले हे बाळ मान पुढे झुकवू लागले. पुढे डोके गुडघ्यांपर्यंत वाकू लागले. एका आवर्तनात असे दहा-वीस झटके येत आणि दिवसातून दोन-तीन आवर्तने होत. बाळाचे हसणे मावळले. जळवा, रेचके, अफू यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. वेस्ट यांनी हे अपयश न लपवता समव्यावसायिकांकडे मार्गदर्शन मागितले. लंडनच्या सर चार्ल्स क्लार्क यांनी या झटक्यांना ‘सलाम’ असे नाव दिले होते. आज हा व्याधी ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. १९५२ मध्ये त्यातील मेंदूच्या विद्युत आलेखाचे वैशिष्ट्य नोंदले गेले आणि १९५८ मध्ये एसीटीएच या संप्रेरकाचा उपयोग प्रसिद्ध झाला. त्या पत्रानंतर ११७ वर्षांनी उपाय हाती आला.

जुन्नर-आंबेगावच्या वैद्यांना याचे काय, असा प्रश्न पडेल. एका वैद्याच्या संपूर्ण व्यवसायात असे एखादेच बाळ येईल हे खरे. परंतु म्हणूनच ते निसटते. आई सांगते, ‘बाळ दचकते, पोटात कळ येते.’ दुकानातून बाळगुटी वा ग्राइप वॉटर दिले जाते, दृष्ट काढली जाते, आणि आठवडे निघून जातात. उपचारास विलंब झाला तर बौद्धिक हानीची शक्यता वाढते.

भेद ओळखणे अवघड नाही. पोटदुखीत बाळ दीर्घकाळ रडते. येथे एक-दोन सेकंदांचे झटके ओळीने येतात, बहुधा झोपेतून जागे होताना. आणि बाळ पूर्वी करीत असलेल्या गोष्टी विसरू लागते. जन्मतः न रडलेल्या बाळात अधिक सावध राहावे. अंगावरील पांढुरके डागही पाहावेत. पालकांना मोबाइलवर झटक्यांचे चित्रीकरण करण्यास सांगावे व त्याच दिवशी पुण्याच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पत्र देऊन पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही तीन ते बारा महिन्यांच्या बाळासाठी ‘दचकण्यावर’ औषध मागितल्यास आधी ‘झटके ओळीने येतात का?’ एवढे विचारावे.

यात आपल्या शास्त्राचा कमीपणा मुळीच नाही. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यास शिकवतो. चरकांनी अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत. निरीक्षण हा आपला वारसा आहे. उणीव आहे ती नोंदीची. आपल्या बहुतेक रुग्णपत्रिकांत औषधाचे नाव व शुल्क असते. लक्षणाचा काळ, क्रम आणि उपचाराचा न आलेला गुण क्वचितच लिहिलेला असतो.

या त्रैमासिकात यशस्वी रुग्णानुभव नियमित येतात. माझे मत असे की, गुण न आलेल्या रुग्णांसाठीही एक पान राखावे. वेस्ट यांच्या मुलास त्या पत्राचा लाभ झाला नाही, तो पुढच्या बालकांना झाला. नोंदीचे मोल एवढेच असते, आणि ते पुरेसे आहे.