मोठा टायर, खोटा काटा



जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बैलगाडीच्या जोडीला आता जीप आणि पिकअप आल्या आहेत. मोगऱ्याच्या कळ्या बाजाराला न्यायच्या, नागली-वरईची पोती पोचवायची, अडल्या बाईला दवाखान्यात न्यायचे, तर घाट चुकत नाही. अशा गाडीचे टायर झिजले की दुकानात कुणीतरी सुचवतो, “थोडे मोठे बसवा, गाडी उंच होईल, दगड लागायचे नाहीत.” हे ऐकण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

टायरच्या कडेवर माप छापलेले असते. बोलेरोसारख्या जीपचे 215/75 आर 15 हे माप घेऊ. 215 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा 75. 15 हा रिमचा व्यास, इंचांत. त्याच रिमवर 235/75 चा टायर चढतो खरा. पण चाकाचा व्यास 3 सेंटिमीटरने वाढतो. गाडी मात्र दीडच सेंटिमीटर उंच होते, कारण वाढीचा निम्मा भाग आसाच्या वर जातो.

आता काट्याचे पाहा. बैलगाडीचे मोठे चाक कमी फेऱ्यांत बांध गाठते, हे आपण जाणतोच. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. पहिला टायर एका फेऱ्यात 221 सेंटिमीटर जातो, दुसरा 230. म्हणजे पूर्वी बरोबर असलेला काटा 60 दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल. हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचा मीटर 959 च दाखवील. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याचे 41 किलोमीटर बुडाले! तेलपाणी बदलायलाही उशीर होतो. टायर लहान बसवला तर सारे उलट. शिवाय गाडीचे पोट खाली येऊन दगडाला लागते.

पैशाचे नुकसान भरून निघेल. खरी भीती घासण्याची आहे. दुकानासमोर रिकामी गाडी ठीक दिसते. पण पोती भरली, पाटे दबले, त्र्यंबकच्या वाटेवर तोरंगणच्या घाटात वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरले आणि चाक खड्ड्यात गेले, की मोठा टायर मडगार्डला घासतो. घासून कड चिरली तर टायर फुटेल तो नेमका उतारावर, भरल्या गाडीत. चढावर ओढ कमी पडते आणि उतारावर ब्रेकला जास्त जोर लागतो, ते निराळेच.

म्हणून एवढे करावे. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलेच माप मागावे. एका आसावर दोन मापांचे टायर कधीही घालू नयेत. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी. मापापुढचा भाराचा आकडा पूर्वीपेक्षा कमी नसावा. 100 आकड्याचा टायर 800 किलो पेलतो. कडेवरचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात: 2224 म्हणजे 2024 सालचा 22 वा आठवडा.

टायर आधीच बदलला असेल, तर आज एक काम करा. टायरवर खडूची खूण करा, गाडी सपाटीवर एक फेरा ढकला आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजा. जुन्या मापाची स्टेपनी असेल, तर तिचाही फेरा तसाच मोजून ताडून पाहा. मग गाडी भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, चाक कुठे टेकते ते बॅटरीच्या उजेडात पाहा. टेकत असेल, तर पोरांना घेऊन घाट उतरण्याआधी टायर उतरवा.