फिरत्या घरातला बंब

गेल्या दिवाळी अंकात आम्ही जुनं मोटरहोम घेतल्याचं लिहिलं होतं. मंडळातल्या बहुतेकांनी विचारलं, कुठे कुठे फिरलात? पुण्याहून आत्याचा फोन आला, तिचा प्रश्न एकच : "आंघोळीचं काय गं करता?" मला तो सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला. म्हणून यंदाचं सदर आत्यासाठी, आणि अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या तुमच्यासाठी.

आत्या, आमच्या गाडीच्या पोटात बंब आहे. खरंच बंबच! आजोळच्या तांब्याच्या बंबात मधोमध नळी असायची, नळीत निखारे आणि भोवती पाणी. इथेही ६ गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची टाकी, तिच्यातून वळून जाणारी नळी आणि नळीत प्रोपेनची ज्योत. जिथे वीज मिळते तिथे विजेवर तापणारी कांडीही आहे. नियम मात्र आजीचाच : पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही. तिकडे बंबाचे डाग सुटायचे, इकडे कोरडी कांडी बघता बघता जळते. गरम पाण्याचा नळ सोडायचा, त्याचं फुरफुरणं थांबून धार सलग झाली की टाकी भरली. मगच बटण.

टाकी पोलादी असेल तर आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला ॲनोड म्हणतात. मी मराठीची शिक्षिका, माझं रसायनशास्त्र दहावीपुरतं. पण हे कळायला तेवढं पुरतं : पाणी पोलादाला खाण्याआधी मॅग्नेशियमला खातं, म्हणून टाकी वाचते. वर्षातून एकदा दांडा काढून बघायचा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा. आमचा पहिला दांडा बाहेर आला तो उसाच्या चिपाडासारखा. त्या मानाने नवा दांडा अगदी स्वस्त पडतो, नवी टाकी नाही. ॲल्युमिनियमच्या टाकीत मात्र हा दांडा नसतो, तिथे नुसतं बूच. आपली टाकी कुठली, ते गाडी घेतानाच विचारून ठेवा.

खरी काळजी ज्योतीची. जुलैत सासूबाईंना घेऊन सुपीरियर सरोवराकाठी गेलो होतो. संध्याकाळी हीटर लावला आणि सवयीने बाहेरची झडप उघडून पाहिलं. ज्योत निळी हवी, होती पिवळी, वर काजळी. सासूबाई म्हणाल्या, "स्टोव्हला पिन मारायला झाली की अशीच जळायची." नवऱ्याचं म्हणणं, मुलांच्या आंघोळी होईपर्यंत चालू दे. मी बंद केला. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. झडपेच्या बरोबर वर मुलांच्या बिछान्याची खिडकी. त्या रात्री पातेल्यात पाणी तापवून सगळ्यांनी हातपाय धुतले, थोडी कुरकुर झाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हीटरच्या गॅसनळीतून कुंभारीण माशीचं मातीचं घर काढून दाखवलं. एवढीशी माती!

तेव्हापासून मुक्कामाला पोचल्यावर ज्योत बघणं माझ्याकडे. घरातल्या दोघांनाही गॅसची तोटी बंद करता आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. "ते ह्यांचं खातं" म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मी यावर भांडते. गाडीत दोन वेगळे अलार्म असतात. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते. ती उलटली की अलार्म बदलायचा, दिवा हिरवा दिसत असला तरी.

बॅटरी आणि सांडपाण्याच्या टाक्यांबद्दल पुढच्या वर्षी लिहीन, दिवाळी अंकात तो विषय नको.

सध्या घाई वेगळी आहे. तिकडे अभ्यंगस्नानाला बंब पेटतात, त्याच सुमारास इकडे मिशिगनात पाणी गोठायला लागतं आणि आमचा बंब रिकामा करावा लागतो. आधी हीटर आणि पंप बंद, मग पाणी पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, वरचा व्हॉल्व्ह उचलून दाब सोडायचा आणि नंतरच दांडा काढायचा. दाबाखालचं गरम पाणी अंगावर आलं तर भाजतं. टाकी बायपास करून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ खेळवायचं, प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत. गाडीच्या इंजिनातलं हिरवं चुकूनही नाही, ते विषारी असतं.

चकल्या तळायच्या आदल्या शनिवारी आम्ही हे उरकतो. माझी लेक एका पुठ्ठ्यावर "टाकी रिकामी आहे" असं मराठीत लिहिते आणि आकाशकंदिलाच्या उरलेल्या दोऱ्याने तो हीटरच्या बटणाला बांधते. मागच्या वर्षी तिने "रिकामी"तला "का" विसरून "रिमी" लिहिलं होतं. एप्रिलपर्यंत तो पुठ्ठा तसाच लटकत होता.